यानाच्या दारावरचा हिरवा डोळा

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. टाईप करून, खाली तिघांनी सह्या ठोकून, वर गोल शिक्का मारून आमच्या घरी पाठवलंत.

चौकशी अहवाल, पान दुसरं: ‘या बनावटीच्या दारांना आतून उघडण्याची सोय मुळातच नसते. सबब दाराखाली पाचर लावणे ही संबंधित कामगाराचीच जबाबदारी होती व ती तिने पार पाडली नाही.’

संबंधित कामगार म्हणजे माझी थोरली जाऊ. अठरा वर्षं तिने तुमच्या शीतगृहात पेट्या मोजल्या. मटाराच्या, मक्याच्या, मासळीच्या. एकदाही आकडा चुकला नाही. तिला तुम्ही एका वाक्यात घरी बसवलंत.

मी तुमची फोर्कलिफ्ट चालवते. शाळा आठवीत सुटली, पुढचं सगळं स्वतःच वाचून शिकले. तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नका, दारं तपासा. तुमचं खोटं मला कशामुळे कळलं तेही सांगते. टीव्हीवरच्या एका मालिकेतल्या परग्रहावरच्या यानामुळे. हसताय ना? मागच्या महिन्यात माझ्या तोंडावर हसलात तसे पुन्हा हसून घ्या. मग पुढे वाचा.

आधी त्या दिवसाचं. सकाळी अकराची वेळ. जाऊबाई चार नंबरच्या खोलीत मोजायला शिरल्या. आपल्याकडे दारं अकरा आणि पाचरी तीन, हे तुमच्या अहवालात कुठे नाही. तिन्ही पाचरी दुसरीकडे होत्या. धक्क्यावरून वारा आला आणि दार लागलं. दार लागलं की आतला दिवा आपोआप विझतो, वीज वाचावी म्हणून. बाहेर मी फोर्कलिफ्टवर, कानांत इंजिनाची घरघर. जाऊबाई आत पेटीच्या फळीने दार बडवत होत्या आणि मी वीस पावलांवर पेट्या उतरवत होते. चाळीस मिनिटांनी मला चार नंबरमधून माल काढायचा होता म्हणून मी दार उघडलं. त्या उभ्या होत्या. ओठ निळे, पापण्यांवर पांढरं. पुटपुटत होत्या, “तीनशे बारा, तीनशे तेरा.” झोप लागू नये म्हणून अंधारात हाताने चाचपून पेट्या मोजत होत्या. उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून गरम-गार कळत नाही.

तुमचा अहवाल आला आणि त्यांनी तो खरा मानला. मला खरा राग त्याचा आहे. मी म्हणायची, “ताई, पाचरी होत्याच कुठे?” त्या म्हणायच्या, “शोधायला हवी होती गं. साहेबांनी लिहिलंय म्हणजे काहीतरी असेलच ना.” मग त्यांनी घरात पाचरी करायला घेतल्या. जळणाच्या फळकुटांच्या, सुरीने तासून. स्वयंपाकघराच्या दाराला पाचर, माडीच्या दाराला पाचर, न्हाणीघराच्या दारालासुद्धा. थोरले दीर बिचारे आंघोळ करताना मोठमोठ्याने गाणी म्हणायचे, कोणी आत येऊ नये म्हणून. त्यांचा गळा असा की शेजारी येऊन विचारून गेले, घरात कोणाला बरं नाही का?

घरातलं एकही दार तीन महिने लागलं नाही.

आता यान.

मालिका जुनी आहे. दोन वर्षं चालली आणि अर्ध्यात बंद पडली. आता दुपारी परत परत दाखवतात. त्यात माणूस एकही नाही. राखाडी कातडीचे, चार बोटांचे प्राणी एका जांभळ्या यानातून घर शोधत फिरतात. यान कशावर चालतं, पाणी कुठून येतं, झोपतात कुठे, काहीही सांगत नाहीत. सांगत नाहीत म्हणूनच आम्हाला वेड लागलं.

आम्ही सहा-सातजण दर रविवारी दुपारी एका छपाईच्या दुकानामागच्या खोलीत जमतो. भूगोलाचे निवृत्त मास्तर आमचे प्रमुख. त्यांच्याकडे एक जाडजूड वही आहे, त्यात प्रत्येकाचा तर्क तारीख घालून लिहिलेला. दाताच्या डॉक्टरीणबाई चित्र थांबवून भिंगाने बघतात. मी इंजिनांचं बघते, कारण ओझं उचलणारं यंत्र काय असतं ते मला बुडाखालून कळतं. आमचे नियम दोनच. पडद्यावर दिसलं तेवढंच खरं. आणि मालिका बनवणाऱ्यांना काही विचारायचं नाही. कोड्याचं उत्तर मागच्या पानावर बघण्यासारखं आहे ते, असं मास्तर म्हणतात.

जाऊबाई आमची टिंगल करायच्या. “वैमानिकबाई, तुमचं उडतं पातेलं कुठवर पोचलं? जाताना भाकरी-भाजी बांधून देऊ का?” त्या घरी बसल्यापासून टिंगलही बंद झाली. ती ऐकू येईना तेव्हा कळलं, मला ती किती हवी असायची.

त्या यानाच्या प्रत्येक दाराला आतल्या बाजूने एक हिरवा डोळा आहे. कुत्र्याच्या छत्रीसारखा, मुठीएवढा, अंधारात मंद चमकणारा. खोलीतून बाहेर पडताना ते प्राणी त्याच्यावर तळहात मारतात. का मारतात? सहा वर्षं आम्ही याच्यावर भांडलो. वहीची चाळीस पानं त्याच्यात गेली. मास्तरांचं मत, यान श्वास घेतं आणि ते त्याचं नाक. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, यान जिवंत आहे, ती त्याची नस, दात वाजवून बघतात तशी ते वाजवून बघतात. माझं म्हणणं, ते यानाला ‘येतो’ म्हणून सांगतात. घर सोडताना आपण सांगतो तसं. मास्तर म्हणाले होते, “तर्क भाबडा आहे, पण लिहून घेतो.”

एका रविवारी दारात एक म्हातारबाबा आले. हातात लग्नाच्या की कसल्याशा पत्रिकेचा मजकूर, छपाईला द्यायला आलेले. आमच्या भिंतीवर यानाच्या दाराचं मोठं चित्र आहे. ते बघून तिथेच थबकले.

“हे माझं दार आहे,” म्हणाले.

“म्हणजे?”

“मी सुतार. या मालिकेचं सामान मी करायचो. जांभळा रंग मीच फासलाय. दोन हात दिले तरी खालचं दिसतच होतं मेलं.”

मास्तर उठले, वही छातीशी धरली. “तुम्ही बनवणारे. आमच्या नियमाप्रमाणे तुम्हाला इथे बोलता येणार नाही.”

“बरं, नाही बोलत. पाणी तर द्याल?”

पाणी पिता पिता त्यांची नजर वहीच्या उघड्या पानावर गेली. हिरव्या डोळ्याची आकृती, बाण, नाकपुड्या. आधी खांदे हलले, मग ठसका लागला. डॉक्टरीणबाईंनी पाठीवर थोपटलं.

“काय झालं हसायला?” मास्तर तडकले.

“मला बोलायचं नाहीये ना?”

“बोलू द्या हो त्यांना,” मी म्हणाले.

मास्तर माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी त्यांच्या ताटातला घास काढून घेतला. “सहा वर्षं, बाई. सहा वर्षं आपण हे कोडं जपलंय.”

“जपलंय, मास्तर. पण मला आता कळायलाच हवंय.” का हवंय ते मलाही माहीत नव्हतं. चित्रातल्या दाराच्या बिजागऱ्या बघून काहीतरी टोचत होतं.

मास्तरांनी वही मिटली. “बोला,” म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

सुतारकाका म्हणाले, “अहो, ही शीतगृहाची दारं. एक शीतगृह मोडीत निघालं होतं, तिथून दहा उचलली. जाड होती, दिसायला झकास. तो हिरवा गोळा त्यांच्यावर आधीपासूनच होता. आत माणूस अडकला तर अंधारात दिसावा म्हणून चमकतो. तळहाताने ढकलला की आतली दांडी सरकते, बाहेरची कडी सुटते, दार उघडतं. बाहेरून कुलूप असलं तरी. कलाकारांना मी सांगितलं, जाताना मारा तळहात, भारी दिसेल.”

मी उठून चित्रातल्या हिरव्या डोळ्यावर तळहात टेकवला.

साहेब, मी सहा वर्षं त्या मालिकेतलं दार थांबवून थांबवून बघितलं. आणि तीच सहा वर्षं रोज सकाळी तुमची अकरा दारं सताड उघडी, आतली बाजू माझ्याकडे करून, भिंतीला टेकलेली बघितली. प्रत्येकावर कमरेच्या उंचीला बशीएवढा गोल पत्रा, चार स्क्रूंनी बसवलेला. मला वाटायचं, दार असंच असतं. पडद्यावरच्या दाराबद्दल मला हजार प्रश्न पडले आणि पोट भरणाऱ्या दाराबद्दल एकही नाही. ही माझी चूक. ती मी कबूल करते, लेखी. तुमची तुम्ही करा.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत चार नंबरचा पत्रा खोलला. मागे आरपार भोक. भोकात कोंबलेल्या चिंध्या, त्यांच्यावर बर्फाचा थर. मग पाच नंबर खोलला, मग एक. तेच. सुपरवायझर धावत आला.

“बाई, काय उद्योग चाललाय?”

“हे भोक कसलं?”

त्याने मान खाली घातली. “मी यायच्या आधीचं आहे. ऐकलंय की ते गोळे बर्फाने अडकायचे, फटीतून थंडावा जायचा. वरून हुकूम आला, काढून टाका, पत्रे मारा.”

“कोणाचा हुकूम?”

“वरून म्हणजे वरून.”

इथे वरती म्हणजे छप्पर आणि त्याच्यावर कबुतरं. म्हणून विचारते आहे.

मी आमच्या मंडळींना सांगितलं. मास्तर रविवारपासून रुसून बसले होते, पण हे ऐकून त्यांनी वही परत उघडली. म्हणाले, “नियम एक. पडद्यावर दिसलं तेवढंच खरं. मग दिसतं काय ते बघू.” तीन रविवार आम्ही बसलो. डॉक्टरीणबाईंनी भिंगाने बिजागऱ्यांमधली अंतरं मोजली. मी आपल्या दारावरची फूटपट्टीने मोजून नेली. प्रमाण तंतोतंत जुळलं. सतराव्या भागात एक प्राणी कंदील घेऊन दारापाशी येतो, तेव्हा जांभळ्या रंगाखाली कारखान्याचं उठावदार चिन्ह दिसतं, पाच टोकांचं पान. आपल्या चार नंबरवर, खालच्या कोपऱ्यात, तेच पान आहे. जाऊन बघा, हात लावून बघा, गुडघे दुखत नसतील तर.

हे सगळं कागदावर नीट मांडून मी तुमच्यापुढे आले. तुम्ही तिघं होतात. मधल्या साहेबांनी चित्र उचललं, चष्मा वर केला आणि म्हणाले, “बाई, परग्रहावरचे प्राणी साक्षीला कधी येणार?” उजवीकडचे इतके हसले की चहा सांडला. डावीकडचे हसले नाहीत, ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांना पत्रा ठाऊक असावा असा माझा तर्क आहे. हा तर्क आम्ही वहीत लिहिलाय.

मी तशीच परत आले. सुतारकाकांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते फडक्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. फडकं सोडलं, आत हिरवा डोळा, दांडीसकट.

“सगळं सामान भंगारात गेलं, हा एक घरी नेला होता. नात अंधाराला घाबरते, तिच्या उशाशी ठेवतो. विचारून आणलाय बरं का. परत द्यायचाय.”

शनिवारी सुपरवायझर माझ्या फोर्कलिफ्टशेजारी येऊन आभाळाकडे बघत म्हणाला, “मी चहाला चाललोय. मला चहाला अर्धा तास लागतो. कोण आत आलं, कोण नाही, मला काय दिसणार?” चार पावलं गेला आणि वळून म्हणाला, “तेलाचा डबा डाव्या कपाटात आहे.”

सुतारकाकांनी आणि मी चिंध्या काढल्या, बर्फ खरवडला, दांडी तेल लावून आत सारली. काकांनी ती एकदा अर्धा फेरा फिरवली आणि ती खट् करून बसली. पाय चपलेत जावा तशी. तितक्यात फाटकातून मास्तर आणि डॉक्टरीणबाई आल्या, आणि त्यांच्या मागे जाऊबाई. अंगात दोन स्वेटर, बोटं पदराखाली. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. मास्तर घरी जाऊन म्हणाले होते, तुमच्या वैमानिकबाईंनी यानाचं दार आणलंय, बघायला चला.

मी म्हणाले, “ताई, मी आत जाते. तुम्ही बाहेरून कडी लावा. मी आतून उघडून दाखवते.”

त्यांनी गोळ्याकडे बघितलं. डाव्या हाताने त्याच्यावरून अंगठा फिरवला.

“हा इथे होता?”

“होता. काढला त्यांनी. पत्रा मारला वरून.”

“म्हणजे पाचर नसती तरी...”

“पाचरीला घाला चुलीत. नुसता तळहात मारला असता तरी तुम्ही बाहेर आला असता.”

त्यांनी मला हाताने बाजूला सारलं. “तू लाव कडी.”

“ताई, नको. मी जाते.”

“मी थोरली की तू? लाव म्हणते ना.”

त्या आत गेल्या. मी दार लावलं, कडी घातली. ती दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली. आम्ही चौघं दाराकडे तोंड करून उभे. दहा सेकंद. वीस. मास्तर मनगटावरच्या घड्याळात बघत होते. एक मिनिट झालं.

“अडकला असेल,” डॉक्टरीणबाई कुजबुजल्या.

“अडकणार नाही,” काका म्हणाले, पण त्यांचाही चेहरा उतरला होता. मी कडीला हात घातला. मास्तरांनी माझं मनगट धरलं. “थांबा. त्यांना उघडू द्या.”

मग आतून धप् असा आवाज आला आणि दार माझ्याच अंगावर आलं. जाऊबाई उंबऱ्यात, मागून धुकं.

“काय झालं? एवढा वेळ का?” मी ओरडलेच.

“मोजत होते. अंधारात बरं चालतं माझं,” त्या म्हणाल्या. “डावीकडची चौथी रांग बारा पेट्यांनी कमी आहे. आणि मका मटारावर रचलाय. कोणाला ठेवलंय गं माझ्या जागी? पेटी उभी धरायचीही अक्कल नाही.”

मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी. मास्तरांनी वही काढली, तिथेच माझ्या फोर्कलिफ्टवर ठेवून लिहायला लागले. मी वाकून वाचलं. चाळीस पानांच्या खाली त्यांनी लिहिलं होतं: ‘हिरवा डोळा. अंतिम तर्क. त्या यानातले लोक प्रगत होते. आत राहिलेल्या माणसाला बाहेर येता यावं, याची सोय त्यांनी प्रत्येक दाराला केली होती.’ मग थोडं थांबून त्यांनी जोडलं: ‘बाहेर पडताना ते “येतो” म्हणत असणंही शक्य आहे.’

सुपरवायझर चहा पिऊन आला. दार बघितलं, स्वतः आत जाऊन दोनदा उघडलं. मग नोंदवहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘चार नंबर आतून उघडते. तपासले.’ खाली सही, पूर्ण नावाची. साहेब, अशी करतात सही. पोटावर पाय येऊ शकतो हे माहीत असताना.

त्या संध्याकाळी घरी जाऊबाई माजघरात उभ्या राहिल्या. आधी न्हाणीघराची पाचर काढली, मग माडीची, मग स्वयंपाकघराची. सगळ्या चुलीपाशी टाकल्या. थोरले दीर म्हणाले, “म्हणजे आता गाणं बंद?” त्या म्हणाल्या, “देवाची कृपा.” आणि आपल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. तीन महिन्यांनी आमच्या घरात एक दार लागलं. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. थोड्या वेळाने आतून आवाज आला, “वैमानिकबाई, दाराला कान लावून काय उभी आहेस? तुझं पातेलं उडून जाईल.”

उरली दहा दारं. सुतारकाका लाकडी गोळे करतायत, वरून चमकणारा रंग देणार आहेत. दांड्या शेजारचा लोहार करतोय. ते काम तुमचं आहे, पण तुमची वाट बघत बसायला आम्हाला वेळ नाही. मोजणीवालेही ठरवून बसलेत, गोळा नसलेल्या खोलीत कोणी पाऊल टाकणार नाही. चार नंबरचा गोळा मात्र उसना आहे. काकांची नात त्याच्यावाचून दिवा लावून झोपते आहे. तिचा तिला परत जायला हवा, आणि त्याच्या जागी खरा, कारखान्याचा, तुम्ही आणलेला बसायला हवा.

जाऊबाई सोमवारी आठ वाजता फाटकावर हजर होणार आहेत. स्वेटर धुऊन ठेवलाय. पेन्सिलीला टोक केलंय. मी त्यांच्या शेजारी असेन, मास्तर वही घेऊन असतील. तुम्हीही या. तो अहवाल सोबत आणा, आणि पान दुसरं आमच्यासमोर स्वतःच्या हाताने खोडा.

आणि खोडण्याआधी एवढं सांगा: ‘वरून’ म्हणजे कोण? अकरा दारांवर पत्रे मारायचा तो कागद कोणाच्या सहीने निघाला?